मोटारसायकलचें तेल कोठें जातें?

सुट्टी लागली कीं मोटारसायकलवर सामान बांधून लांबच्या मुलखांत जाण्याची हौस आतां मध्यम स्थितीच्या घरांतूनहि चांगली रुजली आहे. कोणी घाट उतरून कोंकणांतून गोव्यास जातो, कोणी राजस्थानच्या वाळूंत जातो, आणि ज्यांची उमेद मोठी ते मनालीवरून लेहपर्यंत मजल मारतात. घरांतील वडीलमंडळी अशा वेळीं शिरस्त्राण घेतलें का, पाऊसपाणी कसें आहे, रात्रीचा मुक्काम कोठें, हें आस्थेनें विचारतात. इंजिनांत तेल किती आहे आणि हजार किलोमीटरांत तें किती उतरतें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न गॅरेजवाल्याचा, असें आपण धरून चालतों. आमच्या मतें हा प्रश्न घराचा आहे. कारण त्याचें उत्तर चुकलें तर पैसा जातो, आणि प्रसंगीं पैशाहून पुष्कळ मोलाचें असें कांहीं जाण्याची वेळ येते.

प्रथम एका जुन्या संवयीचा विचार केला पाहिजे. आमच्या पिढीनें ज्या गाड्या वापरल्या त्यांतल्या पुष्कळशा टू-स्ट्रोक होत्या. १९६० नंतर म्हैसूरला तयार होऊं लागलेली जावा घ्या, किंवा १९७२ सालीं आलेली आणि महाराष्ट्राच्या घरोघरीं अंगणांत उभी राहिलेली बजाज चेतक घ्या. त्यांत पेट्रोलबरोबर तेल मिसळून टाकावें लागे. तें तेल जळण्यासाठींच असे, आणि मागून निळसर धूर निघाला तर त्याचें कोणास नवल वाटत नसे. आजच्या मोटारसायकली बहुतेक सर्व फोर-स्ट्रोक आहेत. त्यांत तेल पेट्रोलांत मिसळत नाहीं. लीटर-दोन लीटर तेल इंजिनाच्या पोटांत एकदां भरलें कीं पुढील बदलापर्यंत तेंच फिरत राहतें. तेव्हां "थोडा धूर यावयाचाच" असें म्हणून सोडून देण्याची जुनी रीत येथें चालावयाची नाहीं.

तेल कमी झाल्यानें काय होतें

तेलाचें काम केवळ वंगणाचें नाहीं. तें पिस्टनखालची उष्णता वाहून नेतें, आंतील काजळी आपल्यांत धरून ठेवतें, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधील फट बुजवितें. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत तेंच तेल क्लच आणि गियर यांनाहि पुरवावें लागतें. तेल कमी झालें म्हणजे उरलेल्या तेलावर या सर्व कामांचा भार पडतो. तें अधिक तापतें, तापल्यानें पातळ होतें, आणि पातळ झाल्यानें अधिकच जळतें. म्हणून तेलाचा तुटवडा आरंभीं मंद वाटला तरी पुढें झपाट्यानें वाढतो.

खरा धोका घाटांत असतो. पातळी फार उतरली असेल तर तीव्र उतारावर किंवा जोराच्या ब्रेकबरोबर तेल एका अंगास धांवतें, पंपाचें तोंड उघडें पडतें आणि पंप तेलाऐवजीं हवा ओढूं लागतो. मग पिस्टन तापून सिलिंडरांत घट्ट धरला जातो आणि गाडीचें मागचें चाक चालत्या वेगांत एकाएकीं अडतें. त्या क्षणीं क्लच दाबण्याचें भान राहिलें तर चाक मोकळें होऊन मनुष्य वांचूं शकतो. न राहिलें तर वळण आणि दरी यांच्या मध्यें काय होईल तें सांगावयास नको. कांहीं गाड्यांस तेलाच्या दाबाचा दिवा असतो व त्यावर पुष्कळांचा भरवसा असतो. परंतु हा दिवा तेलाचें माप सांगत नाहीं. तो पेटतो तेव्हां दाब आधींच गेलेला असतो.

आधीं माप, मग मत

गाडी तेल खाते अशी तक्रार घेऊन गेलें म्हणजे "इंजिन उघडावें लागेल" हें उत्तर फार लवकर मिळतें. तें कित्येकदां खरेंहि असतें. परंतु रोग्याचा ताप मोजल्यावांचून औषध देणारा वैद्य आणि तेल मोजल्यावांचून इंजिन उघडणारा कारागीर यांत आम्हांस फरक दिसत नाहीं.

मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीचें माप खोटें येतें. मेन स्टँड नसेल तर दुसऱ्या कोणास गाडी सरळ धरावयास सांगावें. इंजिन गरम करून बंद करावें, पांच-दहा मिनिटें थांबून तेल खालीं उतरूं द्यावें, आणि मग पट्टी बुडवून किंवा कांचेंतून पातळी पाहावी. पट्टी कांहीं गाड्यांत आटे फिरवून मोजावयाची असते, कांहींत नुसती टेकवून. तें गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. पातळी वरच्या खुणेपर्यंत आणून किलोमीटरचा आंकडा वहींत टिपून ठेवावा. पुढें ठराविक अंतर झालें कीं त्याच जागीं, त्याच रीतीनें, पुन्हां वरच्या खुणेपर्यंत येण्यास किती मिलिलीटर तेल घालावें लागलें, तें औषधाच्या मापानें मोजून लिहावें. १,५०० किलोमीटरांत ३०० मिलिलीटर लागलें तर हजारीं २०० मिलिलीटर झालें. हें गणित आमच्या चौथीच्या वर्गांतील मुलेंहि करीत असत.

किती तेल जाणें क्षम्य आहे? उत्तम इंजिनांतहि थोडें जातेंच, कारण सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहिल्यावांचून पिस्टन चालूं शकत नाहीं, आणि त्या थराचा कांहीं अंश प्रत्येक स्फोटाबरोबर जळतो. उत्पादक आपल्या पुस्तिकेंत मर्यादा देतात. ती बहुधा आपल्या अपेक्षेहून बरीच सैल असते. आमच्या मतें एकट्या आंकड्यापेक्षां त्याची चाल अधिक बोलकी आहे. तीन वेळां मोजून तोच आंकडा येत असेल तर तो इंजिनाचा स्वभाव समजावा. दर वेळीं वाढत असेल तर तो रोग आहे.

येथें एक फसगत ध्यानांत ठेवावी. गांवांतल्या गांवांत, थोड्या थोड्या अंतरानें गाडी चालविणारास वाटतें कीं आपलें तेल मुळींच उतरत नाहीं. थंड इंजिनांत न जळलेलें थोडें पेट्रोल रिंगांवरून झिरपून तेलांत मिसळतें, आणि जळालेल्या तेलाची जागा भरून काढतें. पातळी जशीच्या तशी दिसते. पुढें लांबच्या प्रवासांत इंजिन दिवसभर तापलें म्हणजे तें पेट्रोल उडून जातें आणि पातळी एकदम खालीं येते. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल तर ही शंका घ्यावी. म्हणून दूरच्या प्रवासास निघणारानें आपलें माप पांचशें-सातशें किलोमीटरांच्या सलग फेरींतच घेतलें पाहिजे.

तेल जाण्याच्या पांच वाटा

पहिली वाट उघड गळतीची. तेल काढण्याच्या बोल्टाखालील वॉशर, टॅपेट-झांकणाचें गॅस्केट, चेनच्या पुढच्या चक्रामागील सील, या तिच्या नेहमींच्या जागा. चेनला लावलेल्या वंगणामुळें या शेवटच्या जागेची गळती लपून राहते. वारा तेलास मागें पसरवितो, म्हणून जेथें डाग मोठा तेथें गळती असेलच असें नाहीं. सर्वांत पुढचा व सर्वांत वरचा ओला बिंदु शोधावा. इंजिन धुवून, कोरडें करून त्यावर घरांतील टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडी चालवून आणावी. पांढऱ्या पुडीवर ओली रेघ आपोआप उमटते.

दुसरी वाट श्वासनळीची. इंजिनाच्या पोटांतील वाफ बाहेर सोडण्यासाठीं एक रबरी नळी एअर फिल्टरच्या पेटींत नेलेली असते. तेल वरच्या खुणेपलीकडे भरलें तर फिरत्या भागांनीं तें घुसळलें जातें व फेस होऊन या नळीवाटे बाहेर पडतें. अधिक तेल म्हणजे अधिक सुरक्षितता, अशी समजूत करून घेऊन भरणारे पुष्कळ आहेत. फिल्टरची पेटी उघडून पाहिली असतां आंत तेल सांचलेलें आढळलें तर आधीं पातळीच तपासावी.

तिसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्यांची. दांडी ज्या नळींत वर-खालीं होते तिच्या तोंडाशीं रबराचें लहानसें सील असतें. उष्णतेनें तें कालांतरानें कडक होतें, आणि वरचें तेल दांडीवरून आंत झिरपूं लागतें.

चौथी वाट पिस्टनच्या रिंगांची. बहुतेक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरण्यासाठीं, आणि खालची भिंतीवरील जादा तेल खरवडून परत पाठविण्यासाठीं. या झिजतात, किंवा काजळीनें आपल्या खांचेंत चिकटून बसतात. फिल्टर नीट न बसल्यानें धूळ आंत गेली तर सिलिंडर व रिंगा दोन्ही अल्पावधींत घासल्या जातात. कोंकणची तांबडी धूळ असो वा लडाखची राखी, इंजिनास दोन्ही सारख्याच.

पांचवी वाट वाफेची. तेलांतील हलका अंश उष्णतेनें उडून जातो. हा अंश किती, तें मोजण्याची नोआक नांवाची कसोटी आहे. तींत तेल २५० अंश सेल्सियसवर एक तास तापवून वजन किती घटलें तें पाहतात. ज्या तेलाचा हा आंकडा कमी, तें दीर्घ प्रवासांत अधिक टिकतें.

लक्षणें आणि उपशय

आयुर्वेदानें रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांपैकीं रूप म्हणजे प्रकट लक्षण, आणि उपशय म्हणजे एखादा उपचार करून पाहून त्याच्या परिणामावरून रोग ओळखणें. यंत्राच्या बाबतींत हीं दोन साधनें उत्तम लागू पडतात.

लक्षणांत मुख्य धूर. काळा धूर पेट्रोल अधिक जळल्याचा. सकाळचा पांढरा विरणारा धूर बहुधा पाण्याच्या वाफेचा. निळसर धूर तेलाचा. मात्र तो केव्हां निघतो, हें पाहिलें पाहिजे. रात्रभर उभी गाडी सकाळीं सुरू करतांच निळा झोत निघून थांबला, किंवा लांब उतार रेस बंद ठेवून उतरल्यावर पुन्हां रेस देतांच निघाला, तर व्हॉल्व्हच्या सीलांचा संशय घ्यावा. कारण रेस बंद असतां आंत ओढ उत्पन्न होते आणि ती दांडीवरून तेल खेंचते. चढावर, भार घेऊन चालतांना सतत निघत असेल तर रिंगांकडे बोट जातें. एक सावधगिरी मात्र हवी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनुसार बनलेल्या गाड्यांच्या सायलेन्सरमधील शुद्धियंत्र थोडा धूर स्वतःच जाळून टाकतें. धूर दिसत नाहीं एवढ्यावरून तेल जळत नाहीं असें मानूं नये. शिवाय तेलांतील फॉस्फरसमुळें तें महाग शुद्धियंत्रहि हळूहळू निकामी होतें.

आतां उपशय. इंजिन गरम करून, प्लग काढून, त्या जागीं दाबाचें घड्याळ बसवितात. रेस पूर्ण उघडी ठेवून इंजिन फिरवितात आणि आंकडा टिपतात. मग प्लगच्या छिद्रांतून चमचाभर तेल आंत सोडून पुन्हां मोजतात. तेल रिंगांभोंवतीं फट बुजवितें. म्हणून दाब चांगलाच वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेला आहे. वाढला नाहीं तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा हेडच्या गॅस्केटकडे असावा. ही परीक्षा निर्णायक मात्र नव्हे. दाब वरच्या दोन रिंगा धरतात, आणि तेल खरवडणारी तिसरी रिंग चिकटलेली असली तरी दाब पूर्ण येऊं शकतो. व्हॉल्व्हच्या सीलांचाहि दाबाशीं संबंध नाहीं. यासाठींच धुराची वेळ आणि दाबाचा आंकडा दोन्ही एकत्र वाचावयाचीं असतात.

एक उदाहरण

आमच्या एकत्र कुटुंबांत धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं लेहचा बेत केला. गाडी एका सिलिंडरची, हवेनें थंड होणारी, तीस हजार किलोमीटर चाललेली. एका गॅरेजनें ती पाहून सिलिंडर-पिस्टन बदलण्याचा सल्ला दिला. खर्च मोठा होता, आणि त्याच सुमारास घरांत एक लग्नकार्य होतें. मुलगा म्हणाला, "काका, तेल खाते एवढें नक्की. पण खर्च ऐकून बाबा जाऊं देणार नाहींत." आम्ही म्हटलें, "अरे, किती खाते तें आधीं लिहून आण. मग बाबांशीं आम्ही बोलूं."

गांवांतल्या सहाशें किलोमीटरांत पट्टी जागची हलली नाहीं. नंतर तो कोंकणांत जाऊन-येऊन सातशें किलोमीटर करून आला, तेव्हां २८० मिलिलीटर तेल घालावें लागलें. म्हणजे हजारीं ४००. पुण्याहून लेहची जाण्यायेण्याची वाट सुमारें पांच हजार किलोमीटरांची. या हिशेबानें दोन लीटर तेल, म्हणजे त्या इंजिनाच्या पोटांतील जवळजवळ सगळेंच, वाटेंत नाहींसें झालें असतें. मागून येणाऱ्या मित्रास त्यानें धुराकडे लक्ष ठेवावयास सांगितलें होतें. घाट चढतांना धूर नव्हता. उतरून सपाटीवर रेस देतांच निळा झोत निघत असे. सकाळींहि तसाच. बाहेर गळती नाहीं, फिल्टरची पेटी कोरडी, दाब पुस्तिकेंत दिल्याइतका, आणि चमचाभर तेल घातल्यावर त्यांत वाढ नाहीं. हा कागद घेऊन मुलगा दुसऱ्या कारागिराकडे गेला. त्यानें हेड उतरवून व्हॉल्व्हचीं दोन्ही सीलें बदललीं, दांड्यांची झीज मोजून ती मर्यादेंत असल्याची खात्री केली, आणि सिलिंडरास हात लावला नाहीं. सीलें स्वल्प किंमतीचीं. मजुरी त्यांहून अधिक. तरी पहिल्या अंदाजाच्या मानानें खर्च फारच थोडा झाला. पुढच्या सातशें किलोमीटरांत ३५ मिलिलीटर लागलें. हजारीं ५०. वहीचें तें पान पाहून बंधूंनीं परवानगी दिली.

उपायांचा क्रम

उपाय नेहमीं बाहेरून आंत आणि स्वस्ताकडून महागाकडे करीत जावे. पातळी दोन खुणांच्या मध्यें ठेवणें, वॉशर व गॅस्केट बदलणें, श्वासनळी साफ करणें, फिल्टर घट्ट बसविणें, हीं कामें प्रथम. बोल्ट गळतो म्हणून जोर लावून आवळूं नये. ॲल्युमिनियमचे आटे गेले म्हणजे अल्प दोषाचा मोठा दोष होतो.

दुसरें तेलाचें. पुस्तिकेंत दिलेलाच दर्जा वापरावा. जाड तेलानें खप किंचित् कमी होतो, पण झीज भरून येत नाहीं, आणि थंड सकाळीं जाड तेल वरपर्यंत पोंचावयास वेळ लागतो. मोटारगाडीचें तेल स्वस्त मिळालें म्हणून घालूं नये. त्यांपैकीं पुष्कळांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात व तेलांत बुडलेला क्लच त्यानें घसरूं लागतो. डब्यावर जासो एमए अशी खूण पाहून मोटारसायकलचें तेल घ्यावें. खप थांबविण्याचीं म्हणून विकलीं जाणारीं औषधें झिजलेल्या धातूस पुनर्जन्म देऊं शकत नाहींत.

तिसरें, इंजिन उघडण्याचें. रिंगांचा दोष ठरला तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाहीं. सिलिंडरची झीज मापानें घेऊन, ती मर्यादेंत असल्यास भिंतीवर तिरप्या बारीक रेघा पुन्हां पाडून घ्याव्या लागतात, कारण त्या रेघांतच तेल टिकतें आणि नव्या रिंगा त्यांवरच बसतात. कारागिरानें आंकडे कागदावर लिहून द्यावे, असा आग्रह धरण्यांत संकोच नसावा. नव्या रिंगा बसविल्यावर पहिले कांहींशें किलोमीटर गाडी फार हळूहि चालवूं नये आणि फार पळवूंहि नये. वेग बदलता ठेवावा. अति जपून चालविल्यानें भिंत गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहींत, आणि नवें इंजिनहि तेल खाऊं लागतें.

प्रवासांतील नित्यकर्म

उंच प्रदेशांत हा खप वाढतो हें लक्षांत असावें. मनाली-लेह मार्गावरील टांगलांग ला ही खिंड सुमारें ५,३०० मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या जवळजवळ निम्मा असतो. इंजिनाचा जोर घटतो, खालच्या गियरमध्यें अधिक फेऱ्यांनीं चालवावें लागतें, आणि विरळ हवेनें इंजिन थंडहि कमी होतें. म्हणून रोज सकाळीं निघण्यापूर्वीं, थंड इंजिनावर, सपाट जागा पाहून पातळी पाहावी व वहींत लिहावी. थंड माप घरच्या गरम मापाशीं ताडूं नये. रोजच्या मापाशीं रोजचें माप ताडावें. त्याच दर्जाचें लीटरभर तेल आणि एक नरसाळें सामानांत असावें. वाटेंत तेंच तेल न मिळालें तर योग्य दर्जाचें दुसरें घालावें. कमी तेलानें पुढें जाण्याहून तें शतपटीनें बरें. वरून खडखड ऐकूं आली किंवा गाडी विनाकारण ओढूं लागली तर तेथेंच थांबावें, आणि बोटें क्लचवर ठेवून थांबावें.

संध्याकाळीं मुक्कामावरून मुलाचा फोन आला म्हणजे जेवण झालें का, थंडी कशी आहे, हें आपण विचारतोंच. त्याबरोबर "सकाळीं तेल कोठें होतें?" हेंहि विचारावें. घरीं कोणी तरी विचारणार आहे हें ठाऊक असलें म्हणजे पट्टी रोज पाहिली जाते.